मोठ्या वहिनींचे स्मारक

(मंडळाच्या वर्धापनदिन-समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत वर्षभराच्या कार्याचा आढावा व्हावा, बक्षिसे वाटली जावीत, एखादे सुश्राव्य गायन व्हावे आणि मग सर्वांनी अल्पोपाहाराकडे वळावे, असा आपल्या मंडळाचा वर्षानुवर्षांचा प्रघात आहे. चिटणीसबाईंनी त्यातून मला वीस मिनिटे काढून दिली, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. विषय जरा अवघड आहे. पण घरचाच आहे, तेव्हा आडपडदा न ठेवता बोलेन.

आपल्या मंडळाच्या माजी चिटणीस, माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना तुम्ही सर्वजणी ‘मोठ्या वहिनी’ म्हणत होता, त्यांना जाऊन आता दोन वर्षे होत आली. त्यांच्या नावाने काहीतरी कायमचे असावे म्हणून तुम्ही आपण होऊन वर्गणी जमवलीत. सूचनाही पुष्कळ आल्या. रांगोळी-स्पर्धेला फिरती ढाल द्यावी, सभागृहात पितळी समई ठेवावी, एक तसबीर लावावी, असे नाना विचार निघाले. शेवटी कार्यकारिणीने ठराव केला की, दरवर्षी त्यांच्या स्मृतिदिनाच्या आठवड्यात सभासदांची आणि शेजारच्या विडी कामगारांच्या वस्तीतील भगिनींची कर्करोगासाठी तपासणी करवून घ्यावी. हा ठराव एकमताने झाला नाही. तिघी भगिनींनी विरोध केला. एकीचे म्हणणे असे की, मंडळ हे बायकांनी घटकाभर संसार विसरण्याचे ठिकाण. तिथे असले अभद्र नाव कशाला? त्यांचा रोष माझ्यावर नाही, हे मी जाणते. परंतु त्या शंकेला उत्तर देणे माझे कर्तव्य आहे, आणि ते द्यायचे तर आधी एक गोष्ट उघड करावी लागेल.

मोठ्या वहिनी पोटाच्या विकाराने गेल्या, असे तुम्हांला ठाऊक आहे. शोकसभेतही तसेच सांगण्यात आले. तो पोटाचा विकार नव्हता. तो गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता. हे कुणाला कळू नये, अशी त्यांचीच इच्छा होती. इस्पितळाच्या खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी माझ्याकडून तसे वचन घेतले होते, आणि त्यांच्या हयातीत मी ते पाळले.

मग आज का बोलते? महिनाभर आमच्या घरात हाच प्रश्न घोळत होता. माझी पुतणी म्हणाली, “काकू, आईने काही चोरी केली नव्हती. लपवायचे कशाला?” भाऊजी त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “सांगा. फक्त तिला कुणी हसेल असे काही सांगू नका.” वहिनींना हे आवडले असते, असे मी म्हणणार नाही. गेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्या सोयीचे शब्द घालणे मला पसंत नाही. त्यांना आवडले नसते, असेच मला वाटते. तरीही बोलते आहे, कारण इथे समोर तीस ते पासष्ट या वयातल्या शंभरावर बायका बसल्या आहेत, आणि एका बाईची लाज राखण्यापेक्षा शंभर बायकांचा जीव मला मोठा वाटतो.

वहिनींचे वय तेव्हा चौपन्न होते. पाळी जाऊन चार वर्षे झाली होती. आषाढी वारीच्या सुमाराला एके दिवशी साडीला डाग दिसला. उष्णता झाली असेल म्हणून त्यांनी सब्जा भिजवून घेतला, गुलकंद खाल्ला. डाग थांबला. पंधरा दिवसांनी पुन्हा दिसला. त्या आपले कपडे पहाटेच धुऊन वाळत टाकू लागल्या, हे माझ्या लक्षात आले होते. पण त्यांना पहाटे उठण्याची सवयच होती. पुढे त्या एका दवाखान्यात गेल्या. तिथे त्यांना टेबलावर घेऊन तपासण्याची तसदी कुणी घेतली नाही. गोळ्या लिहून दिल्या, आणि चार महिने त्याच गोळ्या चालू राहिल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी नेहमीप्रमाणे तुमचे सर्वांचे स्वागत केले. त्या वेळी त्यांना उभे राहवत नव्हते. फेब्रुवारीत निदान झाले तेव्हा रोग तिसऱ्या पायरीवर पोचला होता. किरणोपचार झाले, सुया झाल्या, थोडे दिवस बरे गेले. निदानानंतर सव्वा वर्षाने त्या गेल्या.

आणि त्याच वर्षी, भगिनींनो, आपल्या मंडळाच्या नेत्रतपासणी-शिबिरात त्यांनी घरोघर फिरून बायका जमवल्या होत्या. “चष्मा लागेल म्हणून घाबरतेस होय गं?” असे म्हणत एकेकीला हाताला धरून आणले होते. ते शिबिर तुम्हांला आठवत असेलच.

पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पतीशी संबंध आल्यावर रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ही लक्षणे ज्या बाईला असतील तिने शिबिराची वाट पाहू नये. तिने उद्याच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे, आणि “मला तपासा” असे स्वतः तोंडाने सांगावे. नुसत्या गोळ्या घेऊन परत येऊ नये. दर वेळी कर्करोगच निघतो असे मुळीच नाही. पण ते तपासून ठरवायचे असते, घरी बसून नव्हे.

परंतु आज मी ज्या तपासणीविषयी बोलणार आहे ती याहून निराळी आहे. ती जिला काहीही होत नाही अशा बाईसाठी आहे. हा मुद्दा आपल्या गळी उतरायला फार कठीण, हे मला ठाऊक आहे. आपण दुखल्यावाचून वैद्याकडे जात नाही. पण या एका रोगाच्या बाबतीत निसर्गाने बाईला मोठी सवड ठेवली आहे, आणि ती सवड रोग दुखू लागण्याच्या आधीची आहे.

ती कशी, ते सांगते. गर्भाशयाचे तोंड म्हणजे पिशवीचा खालचा, योनीत उतरलेला भाग. तिथे एका विषाणूची लागण होते. त्याला डॉक्टर एचपीव्ही म्हणतात. संसारात पडलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा होऊन जातो, आणि दहांतल्या बहुतेकांच्या अंगातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. तेव्हा याचा कुणाच्या चारित्र्याशी संबंध जोडणे हे निव्वळ अज्ञान आहे. थोड्या बायकांच्या अंगात मात्र तो ठाण मांडून बसतो. मग तिथल्या पेशी हळूहळू बिघडू लागतात. साधा बिघाड कर्करोगात पालटायला बहुधा पंधरा ते वीस वर्षे लागतात. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे त्यांना कमी वेळ मिळतो. एवढ्या वर्षांत बाईला काहीही जाणवत नाही. दुखत नाही, खुपत नाही, ती गड्ड्याच्या यात्रेला जाते, मुलांची लग्ने करते. पण पाहणाऱ्याला तो बिघाड दिसू शकतो, आणि दिसला तर दवाखान्यातच थोड्या वेळात थंड किंवा उष्ण उपकरणाने तेवढा भाग जाळून टाकता येतो. पिशवी काढावी लागत नाही. हा विषाणू या रोगाचे मूळ आहे, हे जर्मनीच्या डॉ. हाराल्ड त्सूर हाउसेन यांनी दाखवले, आणि २००८ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

पाहण्याच्या रीती तीन आहेत. सर्वांत जुनी म्हणजे पॅप चाचणी: गर्भाशयमुखावरून थोड्या पेशी पुसून काढून काचेवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. डॉ. पापानिकोलाऊ या ग्रीक गृहस्थांनी ती अमेरिकेत शोधली. त्यांनी ती प्रथम १९२८ साली मांडली आणि लोकांना ती पटायला १९४३ उजाडले. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते. त्यांच्या पत्नीने वर्षानुवर्षे स्वतःच्या पेशींचे नमुने या अभ्यासासाठी दिले. चाचणीला नाव मात्र पतीचे पडले. तो जगाचा रिवाजच आहे! दुसरी रीत आपल्या देशात सर्वांत सोयीची. व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखावर लावायचे आणि मिनिटभर थांबायचे. बिघडलेली जागा पांढरी दिसते. सगळे काम पाच मिनिटांचे, आणि शिकवलेली परिचारिका ते करू शकते. पाळी जाऊन पुष्कळ वर्षे झालेल्या बाईच्या बाबतीत मात्र ती जागा आत सरकते, म्हणून ही रीत तितकी भरवशाची राहत नाही. तिसरी, विषाणूचीच चाचणी. ती महाग आहे, पण तिन्हींत ती अधिक खात्रीची, आणि जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून तिचाच आग्रह धरते आहे.

ही खात्री कुठे पटली, हे ऐकून तुम्हांला अभिमान वाटेल. ती पटली आपल्या जिल्ह्यातल्या बार्शीला! बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाचे डॉ. भगवान नेने, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय संस्थेचे डॉ. शंकरनारायणन यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ साली एक प्रचंड काम हाती घेतले. ४९७ गावे आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे चार गट केले. एका गटात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात आम्लाची, आणि चौथ्या गटाला नेहमीच्या सोयींवरच ठेवले. आठ वर्षे त्या बायकांची नोंद ठेवली. २००९ साली निष्कर्ष जगापुढे आला. आयुष्यात एकदाच विषाणूची चाचणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू चौथ्या गटाच्या मानाने जवळजवळ निम्मे झाले होते. पॅप आणि आम्लाच्या एकाच फेरीने तेवढा स्पष्ट फरक पडला नाही. चौथ्या गटातल्या बायकांना चाचणी का दिली नाही, यावर पुढे टीका झाली, आणि ती ऐकून मीही अस्वस्थ झाले. जवारीच्या रानातून काम टाकून आलेल्या आणि ज्यांना बोलावलेच गेले नाही अशाही, त्या सर्व बायकांचे जगावर ऋण आहे, असे मी मानते. आणि ज्यांच्या दारात ही गोष्ट सिद्ध झाली त्या आपणच जर तपासणीला गेलो नाही, तर काय म्हणावे?

दुसरा दाखला मुंबईचा. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांवर काम केले. आम्लाची तपासणी तिथे डॉक्टरांनी केली नाही. दहावी झालेल्या साध्या बायकांना चार आठवडे शिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या करवून घेतल्या. बारा वर्षांनी पाहिले तेव्हा या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. म्हणजे स्वस्त चाचणीसुद्धा पुनःपुन्हा केली तर जीव वाचवते. आपण दरवर्षी शिबिर घेऊ म्हणतो ते यासाठी. प्रत्येकीने दरवर्षी येण्याची गरज नाही. सरकारी नियमाप्रमाणे पाच वर्षांनी एकदा पुरे. पण दरवर्षी कुणाची ना कुणाची पाळी येईल.

आता स्तनाविषयी. आपल्या देशात बायकांना सर्वांत अधिक होणारा कर्करोग आता हाच आहे. २०२२ च्या अंदाजाप्रमाणे भारतात एका वर्षात सुमारे १,९२,००० बायकांना तो झाला, आणि गर्भाशयमुखाचा सुमारे १,२७,००० बायकांना. त्या वर्षी या दुसऱ्या रोगाने सुमारे ८०,००० बायका दगावल्या. मुंबईत त्याच वस्त्यांतून शिकवलेल्या बायकांनी हाताने स्तनतपासणी केली, तिचा वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या पुढल्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात मात्र तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. फाजील आशा दाखवून कुणाला शिबिरात आणणे मला मान्य नाही. स्तनातली गाठ बहुधा दुखत नाही, आणि न दुखणारी गाठ म्हणजे निरुपद्रवी, असे आपण समजतो. हे उलट आहे. बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण ते हात लावून, सुई घालून ठरते.

तिसरी तपासणी तोंडाची. विडी वळणाऱ्या आपल्या भगिनींपैकी आणि, खरे बोलायचे तर, आपल्या सभासदांपैकीही काहीजणी सकाळी मशेरी लावतात. दात शिवशिवतात म्हणून लावली, पोट साफ होते म्हणून लावली, आणि सवय जडली. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारे फोड, तोंड पुरेसे न उघडणे, ही तोंडाच्या रोगाची पूर्वसूचना असते. ही पाहायला उजेड आणि एक बोट पुरते. मशेरी सोडा म्हणून मी इथे व्याख्यान देत नाही. तोंड तरी दाखवा.

सरकारने २०१६ साली या तिन्ही तपासण्या तीस वर्षांवरील सर्वांसाठी आखून दिल्या. आशाताई घरी येऊन फॉर्म भरून घेतात तो यासाठीच. पण २०१९ ते २१ मध्ये देशभर जी कुटुंब-आरोग्य पाहणी झाली, तिच्यात तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी केलेल्या अवघ्या १.९ टक्के निघाल्या. शंभरात दोनही नाहीत. फॉर्म आहे, नियम आहे, आरोग्यकेंद्र आहे, आणि बाई घरी आहे.

मंगल प्रसंगी हे अभद्र नाव का, असे विचारणाऱ्या भगिनीला मी आता तीन स्मारकांची हकीगत सांगते. मेहेरबाई टाटा या मुंबईच्या बायकांच्या चळवळीतल्या मोठ्या कार्यकर्त्या. १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने त्या विलायतेत वारल्या. तशा उपचारांची सोय आपल्या देशात व्हावी, ही त्यांचे पती सर दोराबजी यांची इच्छा होती. तेही पुढल्याच वर्षी गेले. पण ती इच्छा राहिली, आणि १९४१ साली परळला टाटा रुग्णालय उभे राहिले. मद्रासच्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची धाकटी बहीण कर्करोगाने गेली. ते दुःख त्यांनी तीस वर्षे उराशी बाळगले आणि १९५४ साली अड्यारला बारा खाटांचे कर्करोग-रुग्णालय उघडले. त्या कामी उभी राहिलेली संस्था कोणती, म्हणाल? विमेन्स इंडियन असोसिएशन. आपल्यासारखेच एक महिलामंडळ! बार्शीच्या रुग्णालयाला नर्गिसचे नाव आहे, तीही १९८१ साली कर्करोगाने गेली. तिचा रोग स्वादुपिंडाचा होता. त्याला अशी आगाऊ चाचणी आजही नाही. सर्व कर्करोग असे आधी पकडता येत नाहीत; म्हणून तर जे येतात ते सोडू नयेत. आपले मंडळ रुग्णालय बांधू शकणार नाही. आपल्याजवळ जमली आहे ती रक्कम तुम्हांला माहीतच आहे. पण बार्शीचे आणि मुंबईचे काम सांगते की, यात इमारतीपेक्षा शेजारणीचे महत्त्व अधिक आहे.

या चार-सहा दिवसांत मला ज्या शंका विचारण्यात आल्या, त्यांतल्या काहींना उत्तर देते. तपासायला पुरुष डॉक्टर नाहीत. दोन लेडी डॉक्टर आणि दोन परिचारिका येणार आहेत, आणि पडद्याआड एका वेळी एकच बाई असेल. दुखते का? अवघडल्यासारखे होते, दुखत नाही. एक भगिनी म्हणाल्या, “माझी पिशवी काढली आहे, मला काय करायचे?” साध्या कारणासाठी पिशवी मुखासकट काढली असेल तर तिला ही एक तपासणी बहुधा लागणार नाही. पण स्तन आणि तोंड आहेच. आपले कागद घेऊन यावे म्हणजे डॉक्टरच सांगतील. या पिशवीवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. पांढरे जाते, पोट दुखते, एवढ्यावरून “पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल” अशी भीती घालणारे लोक आहेत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली एवढा गाजला की, शासनाला चौकशी-समिती नेमावी लागली. पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे. तपासणीत पांढरा डाग दिसला तरी तो बहुतेक वेळा कर्करोग नसतो. पुढच्या तपासणीत कित्येकींचे काहीच निघत नाही. कुणी लगेच पिशवी काढायला सांगितले तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

मुलींच्या लशीविषयीही पुष्कळजणींनी विचारले. विषाणूवरची लस आहे, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ सालापासून आपल्या देशातही ती बनवून बाजारात आणली आहे. ती नऊ ते चौदा या वयात, म्हणजे संसार सुरू होण्याच्या पुष्कळ आधी, घेतलेली उत्तम. पण आपणा आयांना तिचा उपयोग नाही, आणि लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तिशीनंतर तपासणी करावीच.

सर्वांत अवघड शंका एका विडी वळणाऱ्या भगिनीने विचारली. ती म्हणाली, “तपासून काही निघाले, तर पुढे कोण? मला एक दिवस घरी बसले तर हजार विड्यांचे पैसे बुडतात.” तिचे म्हणणे अगदी खरे आहे. शिबिरात डाग सापडतो आणि बाई पुढच्या दवाखान्यात जातच नाही, याच ठिकाणी ही सगळी व्यवस्था गळते. भीती असते, एस.टी.चे भाडे असते, बुडालेली मजुरी असते, घरी काय सांगायचे हा पेच असतो. म्हणून वर्गणीच्या रकमेबद्दल माझी कार्यकारिणीला विनंती होती, आणि ती त्यांनी मान्य केली आहे. तपासणी महापालिकेच्या आरोग्यकेंद्राकडून विनामूल्य होईल. रोग निघालाच तर उपचाराचा पुष्कळसा भाग महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो. आपली रक्कम मधल्या वाटेवर खर्च करायची. जिला पुढे पाठवले जाईल तिचे जाण्यायेण्याचे भाडे आणि त्या दिवसाची मजुरी मंडळ देईल, आणि तिच्याबरोबर एक सभासद जाईल. निकालाचा कागद त्या बाईच्याच हातात देण्यात येईल. मंडळात त्याची चर्चा होणार नाही. वहिनींना जी लाज वाटली ती वाटायला नको होती, असे मी म्हणू शकते. पण ती कुणाला वाटलीच तर ती राखण्याची जबाबदारी आपली आहे.

विरोध करणाऱ्या तिघींपैकी एकीने काल मला निरोप पाठवला की, शिबिराच्या दिवशी चहा आणि शेंगाचटणी-भाकरीची व्यवस्था मी पाहीन, पण तपासायला येणार नाही. मी ते आनंदाने स्वीकारले आहे. चहाचे टेबल आणि तपासणीची खोली यांत दहा पावलांचे अंतर आहे.

आता व्यवस्थेच्या दोन गोष्टी सांगून थांबते. पाळी चालू असेल त्यांनी त्या दिवशी येऊ नये. त्यांना पुढची तारीख मिळेल. दोन दिवस आधी आत लावायची कोणतीही औषधे वापरू नयेत. जुने कागद असतील ते बरोबर आणावेत, उपाशी राहण्याचे कारण नाही. बाहेर पडताना दाराशी टेबलावर दोन याद्या ठेवल्या आहेत, पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली आहे. एक यादी तपासून घेणाऱ्यांची, दुसरी कुणाला पुढे जावे लागले तर सोबत जाणाऱ्यांची. पहिल्या यादीत काल रात्रीपर्यंत एकोणीस नावे होती. दुसरीत चारच आहेत, आणि त्यांतले पहिले नाव भाऊजींचे आहे. हे मंडळ स्त्रियांचे आहे, असे मी त्यांना सांगून पाहिले. ते म्हणाले, “मी आत येणार नाही. गाडी चालवीन आणि बाहेर बसून राहीन.”